बाईंसारखी रेघ

कागदावरच्या तांब्याची कड सरळ नव्हती. पण ती चुकली होती असंही म्हणता आलं नसतं. तांब्याचं तोंड लंबवर्तुळात नीट बसलं होतं, दोन्ही बाजूंचा फुगवटा सारखा होता, सावली खिडकीच्या उलट दिशेला पडली होती. फक्त रेघ जवळून पाहिली की तिच्यात बारीक लाटा दिसत. सारख्या उंचीच्या, सारख्या अंतरावरच्या. करवतीचे दात घासून बोथट केले तर जशी कड दिसेल, तशी. नवशिक्या हाताची रेघ अशी नसते. ती वाटेल तिथे वळते, वाटेल तिथे जाड होते. ही रेघ नियमाने थरथरत होती.

अंबिका टेमकरने कागद खिडकीपाशी नेला. आठवीतल्या अपेक्षाचं वस्तुचित्र. तांब्या, दोन कांदे, मागे घडी घातलेला टॉवेल. वर्गात सगळ्यांत चांगला हात या मुलीचा. अंबिकाच्या मनात पहिल्यांदा आलं ते एवढंच, की या पोरीलाही? इतक्या लहान वयात?

तिने गठ्ठ्यातला दुसरा कागद काढला. तिथेही तीच लाट. तिसऱ्यावर नव्हती. तो काढणारा मुलगा वर्षभर मागच्या बाकावर क्रिकेटच्या गप्पा मारत असे. त्याचा तांब्या एका बाजूला कलंडला होता, पण त्याची रेघ आपली साधी वाकडी होती. चौथ्यावर पुन्हा लाट. अंबिकाने टेबलावर दोन ढीग केले. ज्यांना चित्रकलेत रस नव्हता, त्यांच्या रेघा धड होत्या. जी मुलं जीव लावून शिकली होती, त्यांच्याच रेघा थरथरत होत्या.

शिक्षकखोलीत पंख्याखाली डबा उघडून बसलेल्या दीपिकाने, म्हणजे विज्ञानाच्या मॅडमनी, मान वर केली. "काय गं, एवढं काय बघतेस? कॉपी केलीय का सगळ्यांनी?"

"नाही," अंबिका म्हणाली. आणि मग तिला कळलं, की हो, केलीय.

अंबिकाचा हात थरथरायला लागून तीन-चार वर्षं झाली होती. आधी फक्त चहाचा कप उचलताना. हात मांडीवर असेपर्यंत काही नाही, पण एखाद्या गोष्टीच्या नेमक्या जवळ नेला की थरथर सुरू. परळच्या डॉक्टरांनी तिला कागदावर गोगलगायीच्या शंखासारखं वळण काढायला लावलं आणि ते पाहून म्हणाले, "घरात कुणाला आहे का असं? जिवाला धोका नाही. गोळ्या देतो. फरक पडला तर पडेल." गोळ्यांनी हात थोडा कमी हलायचा, पण डोळ्यांवर अशी झापड यायची की एकदा सातवीच्या वर्गात ती फळ्याला टेकून उभ्याउभ्याच झोपली. गोळ्या बंद केल्या. मग बांगड्या काढून ठेवल्या, कारण खडू फळ्याजवळ गेला की त्या किणकिणत आणि पहिल्या बाकावरच्या मुली वर बघत. मुलांनी विचारलं, "बाई, बांगड्या कुठे गेल्या?" ती म्हणाली, "रंग लागतो ना." पुढे ती मधल्या सुट्टीतच वर्गात जाऊन, एका हाताने दुसरा मनगटापाशी घट्ट धरून, फळ्यावर चित्र काढून ठेवू लागली. मुलं यायच्या आत.

तिला वाटत होतं, लाटा कुणाला दिसत नाहीत. शेवटच्या बाकावरून दिसतही नसतील. पण जी मुलं पहिल्या बाकावर येऊन बसत, डोळे बारीक करून बघत, त्यांना दिसणारच.

दुसऱ्या दिवशी तिने अपेक्षाला थांबवून घेतलं. कागद समोर ठेवला.

"ही कड अशी का काढलीस?"

"चुकली का बाई?"

"चुकली नाही. अशी का काढलीस, ते सांग."

अपेक्षा खूश झाली. "तुम्ही काढता तशी. आमच्या चाळीसमोरच्या गणपतीच्या कारखान्यात ते दादा काढतात ना, त्यांची एकदम सरळ येते. पण ती छापल्यासारखी दिसते. तुमची कशी जिवंत दिसते. आम्ही सगळ्यांनी प्रॅक्टिस केली."

"प्रॅक्टिस?"

"हो ना. कोपर नाही हलवायचं. नुसतं मनगट असं, असं." तिने हवेत करून दाखवलं. तिचं कोवळं मनगट हुबेहूब हललं. "आधी मला पण जमत नव्हतं. मनवाला तर अजून नाही जमत. ती रडते. म्हणते, माझी रेघ सरळच येते."

अंबिकाला हसू यायला हवं होतं. तिने टेबलाची कड धरली.

"बाई, एलिमेंटरीच्या परीक्षेला अशी चालते ना? की तिथे सरळच लागते?"

"बघू आपण," अंबिका म्हणाली. "जा, तास सुरू होईल."

त्याच आठवड्यात रघुवीर सरांनी, म्हणजे मुख्याध्यापकांनी, सहावी ते आठवीच्या नव्या कला-अभ्यासक्रमाचा आराखडा मागितला. संस्थेची माणसं पुढच्या शनिवारी येणार होती. सर तिला मागेच म्हणाले होते, "टेमकर मॅडम, स्पष्ट सांगतो. तुम्ही आहात तोवर या शाळेत चित्रकला आहे. पी.टी.चे सर निवृत्त झाले, काय झालं? पद गेलं आणि त्या तासांना गणित आलं. तुमची खुर्ची रिकामी झाली की तिथेही गणितच येणार. तेव्हा तब्येत सांभाळा."

हे वाक्य तिने सोयीचं म्हणून जपून ठेवलं होतं. आपण गप्प आहोत ते मुलांसाठी, असं रोज सकाळी वेणी घालताना ती स्वतःला सांगत आली होती. आता मुलांच्या रेघांचा गठ्ठा पिशवीत होता आणि ते वाक्य कामाला येत नव्हतं.

रविवारी दुपारी ती घरी आराखडा करायला बसली. लालबागची त्यांची चाळ पाडून उभ्या राहिलेल्या इमारतीतलं ते दोन खोल्यांचं घर. खाली मूर्तींचा कारखाना मात्र जुन्याच जागी, पत्र्याखाली. आधी तिने एक सरळ रेघ काढायचा प्रयत्न केला. फक्त एक. हातावर वरवंटा ठेवून पाहिला. श्वास रोखून पाहिलं. डाव्या हाताने पाहिलं. जमिनीवर पालथं पडून, कोपर फरशीला दाबून पाहिलं. कागदामागून कागद गेले. अखेर तिने पट्टी घेतली आणि पट्टीच्या कडेनेही पेन्सिल थरथरत गेली, तेव्हा तिला रडू फुटलं. तोंडात पदर कोंबून ती रडली, कारण आतल्या खोलीत बाबा झोपले होते.

मग तोंड धुऊन ती पुन्हा बसली, आणि काम एकदम सोपं झालं. सहावी: कागद फाडून चिकटवणं. अंगठ्याचे ठसे. सातवी: भेंडी आणि कांदा कापून छापकाम, दोऱ्याने रंग ओढणं. आठवी: माती, कागदाचा लगदा, जुन्या वस्तूंपासून शिल्प. वस्तुचित्र काढून टाकलं. मुक्तहस्त रेखाटन काढून टाकलं. अक्षरलेखन काढून टाकलं. शेजारी तिने कारणं लिहिली: कृतीतून शिक्षण, स्पर्शाचा अनुभव, परीक्षेच्या ताणातून मुक्ती. सगळी कारणं खरी होती. त्यातलं एकही खोटं ठरवणं कुणाला जमलं नसतं. फक्त तिन्ही वर्षांत कुठेही बाईंना हातात खडू घ्यावा लागणार नव्हता.

"चाय ठेवतंस काय गो?" बाबा उठून बाहेर आले होते.

दौलत टेमकर. गिरणी बंद पडल्यावर खालच्या कारखान्यात गणपतीची आखणी करायचे. आखणी म्हणजे डोळे. मूर्ती रंगून, नटून तयार झाली की सगळ्यांत शेवटी एक माणूस बारीक ब्रश घेऊन बसतो आणि डोळे काढतो. तोवर ती माती, नंतर देव. सगळ्या लालबागमध्ये दौलतच्या डोळ्यांचं नाव होतं. लहानपणी अंबिका त्यांच्या मांडीशी बसून श्वास न घेता बघायची.

आता ते कपाऐवजी वाटीतून चहा पीत, वाटी दोन्ही तळव्यांत धरून. ती रोज पाहत होती. आज तिने पाहिलं.

"बाबा, तुम्ही आखणी कधी सोडलीत?"

"सोडूक खय? कोणी माका सोड म्हणूक नाय." ते चहा फुंकत राहिले. "हात हलूक लागलो. एका गणपतीचो डोळो वायच वाकडो गेलो. मी पुसून परत काढलंय. मग म्हटलंय, आपण दागिन्यांच्या कामाक बसूया. सोनेरी रंगाक लाट इली तरी कोण बघता? मग ताही जमना. मग धोतराच्या रंगाक बसलंय. शेवटाक मूर्तीखालचे नुसते पाट रंगवी होतंय."

"मालकांना सांगितलंत?"

"तेनी इचारूक नाय. मी सांगूक नाय."

"आणि डोळे?"

बाबांनी वाटी खाली ठेवली. "ता मात्र वाईट झाला. माका वाटला, कोण तरी शिकात. पण मी असताना दुसरो बसतलो कसो? सगळ्यांका वाटा, दौलत काढता. दोन वर्सां डोळे असेच गेले. कोणीतरी, कसेतरी. भायखळ्याचा एक मंडळ मूर्ती घेऊन गेला आणि परत कधी येवक नाय." त्यांनी तिच्या कागदाकडे मान केली. "ह्या काय लिवतंस?"

"शाळेचं काम आहे."

"तुझो पण हलता," ते म्हणाले. प्रश्न नव्हता. "बांगड्यो काढलंस, तेव्हाच समाजला."

आराखड्यावर तिची नजर वरपासून खालपर्यंत गेली. सोनेरी रंग, धोतर, पाट.

सोमवारी सकाळी तिने आराखडा तसाच सरांच्या टेबलावर ठेवला. दुसरं काही करायची ताकद नव्हती. बोलली असती तर चित्रकलेचा तास जाणार होता. नाही बोलली तर तास राहणार होता आणि त्यात चित्र नसणार होतं. तिला दोन्हीकडे भिंतच दिसत होती. मधल्या सुट्टीत शिपाई बोलवायला आला.

सर आराखडा वाचून हरखले होते. "मॅडम, तुम्ही तर एकदम इंटरनॅशनल स्कूल करून टाकलंत. भेंडी काय, लगदा काय. संस्थेवाले खूश होणार बघा. मी त्यांना फोनवर वाचूनही दाखवलं."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, छान. पुढची तीन वर्षं हेच चालवा. एकच विचारलं त्यांनी, एलिमेंटरीला मुलं कमी बसतील का. मी म्हटलं, अहो परीक्षेपलीकडे बघा. बरोबर बोललो ना?"

"हो," ती म्हणाली. हे तिनेच लिहून दिलेलं कारण होतं.

"मग झालं. शनिवारपर्यंत थांबायचीही गरज नाही. इथे सही करा, मी पाठवून देतो." त्यांनी पेन पुढे केलं. "आणि चहा घ्या. आज माझ्याकडून."

तिने पेन घेतलं. केबिनच्या काचेतून व्हरांडा दिसत होता. तिथे जमिनीवर अपेक्षा आणि मनवा बसल्या होत्या, मधे एक वही. अपेक्षाने मनवाचं मनगट धरलं होतं आणि ती ते हलवून दाखवत होती. असं, असं. मनवा नाक ओढत होती आणि दात आवळून पेन्सिल चालवत होती. तिचा तो चांगला, सरळ हात बिघडवायचं काम तिथे मन लावून चाललं होतं, आणि ते दोघींनाही शिकणं वाटत होतं.

पेनचं टोक कागदाजवळ गेलं आणि थरथरायला लागलं. एरवी ती अशा वेळी हात पदराखाली घेई, किंवा खोकल्याचं निमित्त करी. आज तिने हात तसाच ठेवला, कागदापासून बोटभर वर, सरांच्या अगदी समोर. सर आधी हसत होते. मग त्यांनी हाताकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"मॅडम, बरं वाटत नाही का? बसा. सही नंतर करा."

"बरी आहे मी."

"अहो, हात केवढा–"

"तेच सांगतेय, सर." तिचा आवाज मात्र हलत नव्हता, याचं तिलाच नवल वाटलं. तिने पेन खाली ठेवलं आणि आराखडा फिरवून त्यांच्याकडे सरकवला. "यात वस्तुचित्र परत घालायचं आहे. रेखाटन घालायचं आहे, अक्षरलेखन घालायचं आहे. तिन्ही वर्गांना. मी ते काढलं, कारण ते मला आता शिकवता येत नाही. माझी रेघ थरथरते आणि मुलं तीच शिकताहेत."

सरांनी उठून केबिनचं दार लोटून घेतलं. मग हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, हे तुम्ही माझ्याशी बोललाच नाहीत असं समजू का मी? पद जाईल. तुम्हाला माहिती आहे. आतल्या आत काहीतरी करू. तुम्ही सही करा आणि जा."

बाहेर मनवाने काहीतरी काढून अपेक्षाला दाखवलं. अपेक्षाने टाळी दिली. जमलं होतं वाटतं.

"नाही, सर," अंबिका म्हणाली. "पद जायचं तर जाईल, पण संस्थेला असंच कळवा. या शाळेतल्या मुलांना चित्र मी शिकवणार नाही. ज्याचा हात स्थिर आहे, असं माणूस माझ्या जागी आणा."