सुऱ्याखालची चिठ्ठी

गोवा राज्य होणार म्हणून त्या मे महिन्यात इब्रामपूरच्या देवळाच्या मंडपात जुन्या वस्तूंचं प्रदर्शन भरवायचं ठरलं, आणि गुरुदास मास्तर सगळ्यांत आधी भिकाजींच्या दारात उभे राहिले. त्यांना सुरा हवा होता.

तो सुरा अख्ख्या पेडण्याला ठाऊक होता. भिकाजी तरुणपणी बेळगावला जाऊन इंग्रजांच्या पलटणीत भरती झाले, दुसऱ्या महायुद्धात इटलीपर्यंत गेले आणि येताना हे जर्मन हत्यार घेऊन आले. पत्रादेवीच्या नाक्यावर पोर्तुगीज पोलिसांना दिसू नये म्हणून कांद्यांच्या पोत्यात खुपसून. शत्रूला लोळवून मिळवलेलं, असं गाव म्हणे. शिगम्यात सगळा गाव जमतो त्या मांडावरचा पहिला नारळ भिकाजींच्या हातून फुटे, तो त्या सुऱ्यामुळेच.

त्यांची बायको सुमंगला मात्र त्याला हात लावत नसे. लग्न होऊन आली तेव्हाच तिच्या मनानं घेतलं होतं, की या पात्यानं दूरदेशीच्या कुणा बाईचं कुंकू पुसलंय. म्हणून दर अमावास्येला तिन्हीसांजेला तुळशीपाशी ती एक जादा दिवा लावी. चाळीस वर्षं. नवऱ्याला कधी बोलली नाही. त्यांनी उगाच जिवाला लावून घेतलं असतं.

मास्तरांनी कोरी चिठ्ठी पुढे केली. "भिकाजीबाब, वस्तू कशी मिळाली ते चार ओळींत लिवा. कितीजणांक मारलात तांय घाला!"

"फाल्यां येवा," म्हणत भिकाजींनी उद्यावर ढकललं.

दुपारी त्यांचा घास तोंडातल्या तोंडात फिरत राहिला.

"काय झाला?" सुमंगलेनं विचारलं.

"तो मेलो नाय, गो."

"कोण?"

"सुऱ्याचो धनी. मी कोणाकच मारूक नाय."

मग एकेक करून सगळं बाहेर पडलं. ते कैद्यांवर पहारा करत होते. डिसेंबरचं बर्फ. एका पोरगेल्या जर्मनाची फाटक्या बुटातून दिसणारी बोटं काळीनिळी पडलेली पाहून यांनी आपले लोकरीचे मोजे त्याला दिले. त्यानं बूट काढला, तर आत सुरा. झडतीत कुणाला सापडला नव्हता. यांची बंदूक भिंतीला टेकवलेली, दोघांत हातभर अंतर. त्या पोरानं पातं स्वतःकडे धरलं आणि मूठ यांच्यापुढे केली.

पलटणीत कुणी सिगारेटी देऊन सुरे घेत, कुणी पत्त्यांत जिंकत, आणि घरी जाऊन लढाईची गोष्ट सांगत. भिकाजींनी गोष्ट सांगितलीच नव्हती. बाजारात कुणीतरी "किती मारले?" विचारलं, ते गप्प राहिले, आणि गावानं बाकीचं रचलं.

सुमंगला ताटावरून उठलीच. "चाळीस वर्सां मी त्येच्या बायलेखातीर दिवो लावतंय!"

"तो दुसरो दिवो? माका वाटला, माज्यासाठी लावतंस."

"तुमच्यासाठी पयलो." तिला रागही आला होता आणि छातीवरचा धोंडाही उतरला होता. "आता खरा लिवा."

"आणि मांडार तोंड कसा दाखवू?"

"खोटा लिवलात तर मी मंडपात येवचंय नाय."

संध्याकाळी ते चिठ्ठी घेऊन बसले. तेव्हा गावोगाव भाषेवरून भांडणं पेटलेली. भिकाजींनी पेन हातात धरून विचारलं, "मराठीत लिवू काय कोंकणीत?"

"खंयच्याय भाशेन लिवा. मोजे सोडू नकात म्हणजे झाला!"

प्रदर्शनाच्या दिवशी मंडपात गर्दी झाली. चिठ्ठी वाचून एकजण फिदीफिदी हसला. "मोजेवाले भिकाजी!" भिकाजी खांबाआड सरकले. सुमंगला त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

मांडाचे मानकरी यशवंत चष्मा लावून पुढे आले. त्यांनी चिठ्ठी दोनदा वाचली. "हसतंस कित्याक रे? ह्यो बंदूक सोडून मोजे देवक गेलो, आणि तो हातात सुरो असान थांबलो. तुज्यान झाला असता?" मग खांबाकडे वळून ते म्हणाले, "भिकाजी, नारळ तुजोच. लपतंस कित्याक?"

सुरा घरी आला. सुमंगलेनं त्याला खोबरेल लावून परसातला फणस कापायला घेतला. पातं पुरतं बोथट निघालं. "ह्येना कोण मरतलो!" ती हसत म्हणाली.

पुढच्या अमावास्येला तिनं दोन दिवे काढले. भिकाजी काड्यापेटी घेऊन आले.

"आता दुसरो कित्याक?"

"तो खंय तरी म्हातारो झालो असतलो. आयुष्य लागांदे त्येका," ती म्हणाली. "लावा तुमीच."