दहाची पेज

शकूच्या नावाचं पत्र आलं त्या दिवशी कोपरीतल्या त्या घरात कोणीच धड जेवलं नाही. पत्र ठाण्यातल्या मुलींच्या शाळेचं होतं. एक फेब्रुवारीला सकाळी साडेसातला हजर व्हा, न आल्यास जागा दुसऱ्या उमेदवाराला दिली जाईल, इतकाच मजकूर. शकू खडवलीची, सातवीची फायनल पास झालेली. लग्नाला पाच वर्षं झाली तरी तिचं सर्टिफिकेट ट्रंकेत नऊवारीच्या घडीखाली जपून ठेवलेलं होतं. नवरा गोविंदा गिरणीत कामाला. त्याची हरकत नव्हती, पण बापासमोर तोंड उघडायची त्याची शामतही नव्हती.

सासरा काळुराम जन्मभर मिठागरात राबलेला. आता त्या मिठागरातला मोठा हिस्सा स्वतःचा झाला तरी उन्हात उभं राहून मीठ ओढायचं त्याने सोडलं नव्हतं. पहाटे शिळी भाकरी खाऊन जायचा आणि दहाच्या ठोक्याला घरून पेज जायची. भात वेळला की वरचं पाणी निघतं, त्यात चार शितं आणि मीठ, एवढीच ती पेज. पण तिच्यावाचून त्या माणसाचा दिवस पुढे सरकत नसे. चाळीस वर्षं ती पेज सासूबाईंनी, आवडाबाईंनी, आपल्या हाताने काढून मिठागरावर नेली होती. मग चुलीच्या धुराने त्यांचे डोळे गेले म्हणा ना. चुलीपाशी बसलं की पाण्याच्या धारा लागत. धुरात जाल तर आंधळ्या व्हाल, असं डॉक्टरांनी बजावलं तेव्हापासून, म्हणजे गेली तीन वर्षं, चूल आणि पेज शकूच्या गळ्यात होती आणि आवडाबाई ओटीवर बसून त्या चुलीच्या कामात खोड काढत होत्या.

काळुरामने पत्र गोविंदाकडून दोनदा वाचून घेतलं आणि निकाल दिला. "शालत जा, माझी ना नाय. पन दहाची पेज चुकली नाय पायजे. चुकली त्या दिवशी शाला बंद."

म्हणजे 'हो' म्हणून 'नाही' सांगणं झालं. दहाला शकू वर्गात असणार, आवडाबाई चुलीपाशी जाऊ शकत नाहीत, मग पेज काय आपोआप शिजणार? शकूने मात्र तेवढाच शब्द धरला. आपोआप.

कारण चारच दिवसांपूर्वी तिने स्टेशनापलीकडच्या मैदानात गृहोपयोगी वस्तूंचं प्रदर्शन पाहिलं होतं. तिथे काय नव्हतं! शेवया पाडायचं यंत्र, वाऱ्यात न विझणारा कंदील, एका दांड्यावर सहा कपडे वाळत घालायची छत्री. माणसाला जे लागत नाही ते किती चलाखीने बनवता येतं, ते तिथे बघावं. पण एका कोपऱ्यात पितळेचा उंच डबा होता, 'कुकर' म्हणे. खाली निखारे ठेवायचे, वर पाणी, त्यावर एकावर एक तीन डबे. झाकण लावायचं आणि खुशाल बाहेर जायचं. दोन तासांनी भात, वरण, भाजी तयार, आणि निखारे आपसूक विझलेले. विकणारा म्हणत होता, "करपणार नाही, उतू जाणार नाही, धूर नाही!" लोक हसत होते. शकू हसली नव्हती. पत्राच्या दुसऱ्या दिवशी तिने पायातले चांदीचे तोडे मोडले आणि कुकर घरी आणला.

आवडाबाईंनी तो पाहिला आणि कपाळावर हात मारला. "तोडे मोडून नुसता हंडा आनलास क?"

"आये, यात आपोआप शिजतं. बघत बसावं लागत नाही."

"बघितल्याशिवाय शिजतं ते अन्न नसतं पोरी."

एक तारखेला आठ दिवस होते. पहिल्या दिवशी शकूने अंगणात निखारे धगधगीत करून कुकर लावला आणि मुद्दाम विहिरीवर निघून गेली. परत येऊन पाहते तर तांदूळ टचटचीत, डाळ दाताखाली कडकड वाजतेय. सासूबाई भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. पदर डोळ्यांना लावून त्यांनी किती वेळा झाकण उघडलं होतं, देव जाणे. डाव घालून वरण ढवळलंसुद्धा होतं. डाव अजून ओला होता. जिने जन्मभर न ढवळता काही शिजवलं नाही तिच्यावर रागवायचं तरी कसं? तरी शकू रागावलीच. चुलीवर पुन्हा स्वयंपाक करताना तिने लाकडं जरा जास्तच आपटली.

दुसऱ्या दिवशी तिने झाकणाच्या कड्या सुतळीने बांधल्या आणि वर गाठ मारली. बरोबर दोन तासांनी उघडलं तर भात असा मोकळा की एकेक शीत मोजून घ्यावं. वरणाचा घमघमाट ओटीपर्यंत गेला. शकूला वाटलं, जिंकले. भात वाढून ती पेजेचा तांब्या घ्यायला वळली आणि तिथेच तिचे हात थबकले.

पेज कुठून काढणार? पाणी सगळं भातानेच पिऊन टाकलं होतं. भाताला पाणी बेताचं घालायचं, हे विकणाऱ्याने दहादा सांगितलं होतं. भात वेळणाऱ्यांच्या घरी त्यातून काय हरवतं, ते त्या भल्या माणसाला कुठून ठाऊक असणार? आणि शकूने तरी जन्मभर भात वेळूनच खाल्लेला. पेज ही वेगळी करायची वस्तू आहे, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

त्या दिवशी काळुराम दुपारी उपाशीपोटी घरी आला. ओरडला नाही, तेच वाईट. हात धुता धुता गोविंदाला म्हणाला, "तो डबा परत दे आन् सुनेचे तोडे घेऊन ये."

"चार दिवस द्या, बाबा," शकू दारातून म्हणाली. सासऱ्यासमोर ती आजवर एवढं मोठ्याने बोलली नव्हती. काळुरामने मान वर करून तिच्याकडे पाहिलं आणि तो पाटावर बसला. शकूने त्याचा अर्थ आपल्या सोयीचा लावला.

तिने भाजी खालच्या डब्यात वरणातच टाकली आणि वरचा डबा रिकामा करून घेतला. त्यात मूठभर तांदळाची कणी आणि गळ्यापर्यंत पाणी. पहिल्यांदा पिठल्यासारखा गोळा झाला. दुसऱ्यांदा पाणी पाणी आणि तळाशी कणी. तिसऱ्यांदा तिने कणी रात्रीच भिजत घातली, अर्धी मूठ कमी केली, आणि डबा उघडला तर खरीखुरी पेज, वर साय धरलेली. काळुराम ती प्यायला, पण तांब्या अर्धा ठेवला. "अळनी हाय," एवढंच म्हणाला. शकूने दुसऱ्या दिवशी मीठ वाढवलं तर म्हणाला, खारट.

आता दोनच दिवस उरले होते, आणि मोठा प्रश्न तसाच होता. शकू शाळेत गेल्यावर कुकर उघडणार कोण आणि पेज नेणार कोण? आवडाबाईंनी साफ सांगितलं होतं, "मी त्या यंत्राला हात लावनार नाय."

एकतीस तारखेच्या सकाळी शकूने निखारे अंगणातच लाल करून घेतले, कुकर माजघरात आणला आणि सासूबाईंचा पाट त्याच्या शेजारी मांडला.

"आये, जरा इथे बसा. मला मिठाचा अंदाज येत नाही."

"मी नाय. डोले जातील माझे."

"बसून तर बघा. झोंबलं तर उठा."

आवडाबाई पदर नाकाला लावून, पळायच्या तयारीत बसल्या. थोड्या वेळाने पदर खाली आला. त्यांनी कुकरवर हात धरला, खाली वाकून निखाऱ्यांकडे पाहिलं, मग अजून जवळ सरकल्या. डोळे कोरडेच. मग एकदम भरून आले. पण ते धुराने नव्हे, हे शकूला कळलं आणि तिने मुद्दाम तोंड फिरवलं. आवडाबाईंनी मिठाचा डबा पुढे ओढला, न मोजता चिमूट घेतली आणि पेजेत सोडली. सुतळीची गाठ कशी मारायची, ते त्यांनी विचारून घेतलं.

एक तारखेला शकू साडेसातला हजर झाली. तिसरीच्या पोरींना तिने पाढे म्हणायला लावले. पण तिचं लक्ष भिंतीवरच्या घड्याळाकडे. दहा वाजले तेव्हा पोरी सोळाच्या पाढ्यात अडखळत होत्या, आणि बाईंनासुद्धा पुढचं आठवेना.

बाराला शाळा सुटली. रूळ ओलांडून ती कोपरीत जवळजवळ पळतच शिरली. अंगणातच तिला शेजारच्या हौसाबाईचा आवाज ऐकू आला. "अगं, नुसतं झाकन उचलून बघतंय, भात कसा झालाय तो!"

"हात काढ!" आवडाबाई कडाडल्या. "वाफ जाते! यातलं तुना काय समजतंय? भात ऊन र्‍हायला पायजे. माझी सून शालतनं येल, तवाच पुन्हा उघडनार."

शकू दारातच थांबली. ओटीवर काळुराम बसला होता, शेजारी तांब्या उपडा. तिला पाहून तो उगाच खाकरला.

"पेज पोचली का, बाबा?"

"पोचली." त्याने माजघराकडे बोट दाखवलं. "तीन वर्सांनी तिच्या हातची पोचली."

आतून आवडाबाईंनी हाक मारली. "आलीस क? पाय धू आन् जेव. उद्या निखारे तेवढे लाल करून दे आन् जा. बाकीचं माझं मी बघीन."