पुसलेलं वाचणारे अण्णा

काजेवालीचा दात फरशीवर पडला, आणि त्याच फरशीवर दहा-बारा बायका अण्णांना नमस्कार करायला वाकल्या.

"बघ! म्हणत होते ना मी?" कारखान्यात इस्त्रीवर असलेली माझी आत्या कुजबुजली. "अंगावर काटा आला गं."

काटा माझ्याही अंगावर आला होता, पण तो दात बघून.

काजेवाली, म्हणजे आमच्या कारखान्यात शर्टांची काजं करणारी, चार महिन्यांपूर्वी कामाला लागली. विधवा आहे म्हणाली. आम्ही कशाला खोदून विचारतोय? आज दुपारच्या सुट्टीत एक आडदांड माणूस अण्णांची कीर्ती ऐकून आला. बायको पळालीय, शोधून द्या, म्हणाला. अण्णा आमचे स्टोअरकीपर. दीड महिन्यापासून त्यांना लोकांनी लिहून पुसलेलं 'दिसायला' लागलं होतं. त्यांनी डोळे मिटले, हात पुढे धरले, मशिनींच्या रांगेतून चालत गेले आणि काजेवालीच्या मागे थांबले.

"बहिणीला लिहिलंस, मी लाँड्रीवरच्या खोलीत राहते, नवऱ्याला सांगू नकोस. लिहून पुसलंस. माणसांपासून पुसशील पोरी, वरच्यापासून काय पुसशील?"

नवऱ्याने तिची वेणी धरली आणि तोंड मशिनच्या कडेवर आपटलं.

मी तिला ओढून कटिंगच्या खोलीत ढकललं. "आतून कडी लाव!" म्हटलं आणि दाराला पाठ लावून उभी राहिले. त्याने कापड मोजायचा लोखंडी गज उचलला.

"सोड गं दार," आमच्याच बायका म्हणाल्या. "अण्णांनीच दाखवलीय, तर तिच्या भल्याचंच असेल."

गज माझ्या खांद्यावर बसला. हात लुळा पडला.

"अण्णा!" मी ओरडले. "आधी माझंही सांगा. मग दार सोडते."

गर्दीपुढे अण्णांना चेव आला. "तुझा भाऊ तुरुंगात आहे. काल त्याला पत्र लिहिलंस आणि नवऱ्याला कळू नये म्हणून पुसून टाकलंस."

"अगंबाई!" सगळा हॉल म्हणाला.

"आत्या, मला भाऊ किती?"

आत्या गोंधळली. "एकही नाही. चौघी बहिणी तुम्ही."

"मग तुरुंगात कोण बसलंय, अण्णा?"

"मागच्या जन्मीचा..." अण्णा चाचरले.

"मागच्या जन्मीच्या भावाला ईमेल जातो होय?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. नवऱ्याने पुन्हा गज उगारला. आत्या मध्ये आली, हातात तापलेली इस्त्री. "एक पाऊल टाक. कॉलर समजून फिरवीन." त्याने टाकलं. आत्याने फिरवली. करपल्याचा वास आला, गज खणकन पडला, आणि दोघा कटिंगवाल्यांनी त्याला कापडाच्या पट्ट्यांनी खुर्चीला बांधलं. आत्याने पोलिसांना फोन लावला.

मी कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरपाशी गेले. सुट्टीत तो आम्हा तीस जणींचा. दहा-दहा मिनिटं पाळी: घरी लिहायचं, पाठवायचं, पुसायचं, उठायचं. पुसलं की गेलं, या भरवशावर आम्ही काय काय लिहिलं होतं! माझ्या एवढंच लक्षात आलं होतं, की तोंडी बोललेलं अण्णांना कधीच दिसत नाही. दिसतं ते फक्त टाइप केलेलं. म्हणून काल मी एक भाऊ जन्माला घातला.

पासवर्ड स्टोअरच्या दारावर चिकटवलेलाच होता. काल अपडेटच्या सूचनेत वाचलेली एक चौकट मी उघडली. पडद्यावर छोट्या-छोट्या फोटोंची लांब पट्टी पसरली.

"नव्या अपडेटबरोबर हे आलंय. हा कॉम्प्युटर दर काही सेकंदांनी पडद्याचा फोटो काढतो, त्यातली अक्षरं वाचतो, जपून ठेवतो. पत्र पुसलं तरी फोटो राहतो. अण्णा सकाळी चहा घेत यात 'नवरा' शोधायचे, 'बहीण' शोधायचे. बघा."

मी 'नवरा' टाइप केलं. एकवीस पत्रं वर आली. प्रत्येकीने आपापलं ओळखलं.

मग सगळ्याजणी अण्णांवर तुटून पडल्या. चष्मा फुटला, ओठ फाटला, कुणीतरी कात्री उचलली.

"खाली ठेव ती!" मी ओरडले. "मघाशी विचार न करता पाया पडलात, आता विचार न करता जीव घेणार? त्यालाही पोलीस नेतील."

कडी निघाली. काजेवाली तोंडाला ओढणी दाबून बाहेर आली, सरळ कॉम्प्युटरपुढे बसली.

"हे बंद कुठून करायचं?"

मी दाखवलं. तिने स्वतः बटण सरकवलं, साठवलेले फोटो काढून टाकले. मग नवऱ्याकडे आणि आमच्याकडे बघत म्हणाली, "आणि माझा पत्ता? तो आता सगळ्यांना माहीत झाला."

आत्या तिच्याजवळ जाऊन उभी राहिली. "माझ्या घरी चल. मागच्या खोलीत झोप."

बायांनो, यंत्राला डोळे आहेत, दैवी काही नाही. नवं काही घरात आलं की ते काय बघतं, कुठे ठेवतं, बंद कसं होतं, हे आधी विचारा. आणि कुणी तुमच्या मनातलं अचूक सांगितलं, तर हात जोडण्याआधी त्याला एवढंच विचारा: तुला हे कळलं कुठून? आम्ही दीड महिना विचारलं नाही. किंमत तिने मोजली.