बधिर बोटांचं पान

मानववंशशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला एक कोर्स आपल्या पसंतीचा घ्यायचा होता. धाकटीनं यादी तीनदा वाचली. हाडांचा कोर्स तिनं आधी खोडला. कवटी हातात घ्यायची ही कल्पनाच तिला सोसेना. मोठी बहीण म्हणाली, एखाद्या कामाच्या जागी बसून माणसं बघायचा तो कोर्स घे, त्याला परीक्षा नाही. धाकटीनं तो घेतला. मेलेल्यांना भ्यायली आणि जित्यांच्या तावडीत सापडली, असं झालं.

तिच्या वाट्याला आली एका हॉस्पिटलची लाँड्री. दर मंगळवारी दुपारी ती मळक्या चादरींच्या ढिगाशेजारी स्टुलावर बसायची आणि दिसेल ते, कानावर पडेल ते वहीत उतरवायची. पाच बायका तिथं कामाला होत्या. त्यांतली सगळ्यांत वयस्कर, जिला सगळ्याच मावशी म्हणत, गरम रोलरमध्ये ओल्या चादरी सरकवायची. चौथ्या मंगळवारी मावशीनं हळूच सांगितलं की उजव्या हाताची दोन बोटं वर्षभरापासून बधिर आहेत, चटका बसला तरी कळत नाही. मुकादमाला समजलं तर तो घरी बसवील. धाकटीनं तेही लिहिलं. शिकवणाऱ्या बाईंनी बजावल्याप्रमाणे नाव घातलं नाही, 'वयस्कर बाई' एवढंच.

परतताना बसमध्ये तिनं बॅगेत हात घातला, तर वही नव्हती.

पाच बायकांत वयस्कर बाई कोण, हे आंधळ्यालाही कळलं असतं. घरी तिनं कुणाला काही सांगितलं नाही. आपल्या चार ओळींनी एका बाईची चूल विझणार, एवढंच डोक्यात घोळत राहिलं.

सकाळी पाळी सुरू व्हायच्या आधीच ती लाँड्रीच्या दाराशी हजर झाली. मुकादम कुलूप काढत होता. काखेत तिची वही.

"अक्षर बरं आहे तुझं," एवढंच म्हणून त्यानं वही दिली.

म्हणजे वाचली होती. ती वही घेऊन परत फिरली, आणि पुढचा आठवडा कसा गेला ते तिचं तिलाच ठाऊक.

मंगळवारी रोलरवर दुसरीच बाई होती. मावशी कोपऱ्यात उशांचे अभ्रे मोजत बसली होती. तिनं धाकटीला जवळ बोलावलं.

"त्याला तू सांगितलंस?"

खोटं बोलायला जागा होती. पण धाकटीनं सगळं सांगून टाकलं. वही विसरली, त्यानं वाचली, चूक माझी.

मावशीनं मोजलेले अभ्रे एका बाजूला रचले.

"मग आता यायचं बंद करू नकोस," ती म्हणाली. "लिहिणारं माणूस समोर असलं की तो जपून वागतो."

धाकटीनं अहवालातून ते पान गाळलं. कोर्स संपला, गुणही बरे पडले. मंगळवार मात्र तिनं सोडला नाही. मावशी कोपऱ्यात असायचीच, पण दारातून तिची पाठ दिसल्याखेरीज धाकटी आत पाऊल टाकत नसे.