नाव वाचायचं तर पंखा बंद करा

मी पंखा बोलतोय. राळेगाव तालुक्यातल्या एका गावी, महादेवाच्या देवळाच्या मंडपात टांगलेला. जरा ओरडून बोलतो, राग मानू नका. माझं बेअरिंग कुरकुरतं, आणि कुरकुरायला मला कारणही आहे.

दुकानातून निघालो तेव्हा वाटलं, आपलं काम वारा घालायचं. पण भगवानराव डाखोऱ्यांनी मला आधी बंटी पेंटरकडे नेलं. त्यानं माझ्या तीन पात्यांवर लाल रंगात लिहिलं : ‘कै. पार्वताबाई यांच्या स्मरणार्थ’, ‘भगवानराव डाखोरे’, ‘यांजकडून सप्रेम भेट’. पार्वताबाई म्हणजे त्यांची माय. अक्षरं झकास आली, पण भानगड अशी झाली की मी फिरलो की नाव दिसेना, आणि नाव दिसायचं तर मला थांबावं लागे.

त्यामुळे मंडपात नवा माणूस आला की भगवानरावांची हाक ठरलेली. “पंखा बंद कर ना बे जरासा! पाव्हण्याले वाचू दे.” आमच्याकडचा मे महिना तुम्हाला माहीत आहे. पाहुणा घाम पुसत वर बघायचा आणि म्हणायचा, “वा! मोठं मन हाय तुमचं.” लाइन गेली की सारं गाव वीजवाल्यांच्या नावानं बोटं मोडायचं. खूश व्हायचे ते एकटे भगवानराव.

मन मोठं होतं, खोटं कशाला बोलू? एसटी स्टॉपवरचा बाक त्यांचाच, चौकात दोस्तांचा चहा त्यांच्याकडूनच. कोणाकडे लग्न निघालं की तुरीच्या डाळीचं पोतं न मागता पोचायचं. फक्त घरात शिरताना ते मन चपलांसोबत बाहेर राहायचं. त्यांचं घर देवळासमोरच, आणि टिनाच्या स्वयंपाकघराची खिडकी मला इथून सरळ दिसते. तिथं त्यांची बायको कोकिळाबाई चुलीशी बसून पदरानं वारा घ्यायची.

लेक निकिता म्हणायची, “बाबा, आईले एक पंखा लावून द्या ना.”

“घरच्या माणसाले कायले? सारं आपलंच तं हाय.”

त्यावर कोकिळाबाईच म्हणायची, “राहू दे वं. मले कायले पंखा?” अस्सा राग यायचा मला! साऱ्या घराला वाढणारी बाई, स्वतःच्या ताटात मात्र एक शब्दही वाढून घेईना.

यंदा मे महिन्यात निकिताचे होणारे सासरे मारेगावहून आले. पुरणपोळीचा बेत होता. बैठकीत कूलर, तिथं पाहुणे. टिनाखाली तवा, तिथं कोकिळाबाई. शेवटच्या पोळीला तिच्या हातून लाटणं सुटलं, आणि तिनं भिंत धरली. निकितानं तिला धरून रस्ता ओलांडला, मंडपातल्या थंड फरशीवर निजवलं आणि माझं बटण दाबलं. मी फिरलो! जन्मात असा फिरलो नव्हतो.

एवढ्यात भगवानराव व्याह्यांना घेऊन आले. त्यांनी खाली पाहिलंच नाही, वर पाहिलं. “निकिता, पंखा बंद कर. इवाईबुवाले नाव वाचू दे.” ती जागची हलली नाही, तेव्हा त्यांनी स्वतःच बटण बंद केलं. मी थांबायचं नाही म्हणून जीव तोडून फिरत राहिलो, पण बटणापुढे पंख्याचं काय चालतं?

व्याह्यांनी मान वर करून मोठ्यानं वाचायला घेतलं, “कै. पार्वताबाई...”

खालून आवाज आला. “काहो, माह्या नावापुढं ‘कै.’ लागल्यावरच माह्या वाट्याले पंखा येईन का?”

व्याह्यांची मान खाली आली. भगवानरावांचीही.

“कोकिळा! तू इथं काहून?”

“मामीचा, तुमच्या मायचा, जलम त्या टिनाखाली गेला. तिले पंखा भेटला मेल्यावर, तोई देवाच्या घरी. मले जित्तेपणी पाहिजे.” बोलताना तिला धाप लागत होती, पण प्रत्येक शब्द तिनं पुरा केला. मला रडता आलं असतं तर मी रडलो असतो.

भगवानरावांनी बटण दाबलं. मग फरशीवर तिच्या उशाशी बसून आपल्या दुपट्ट्यानं तिचं कपाळ पुसत राहिले. पाहुण्यांसमोर, बरं का!

आता मी पुरता म्हातारा झालोय. माझ्यावरच्या अक्षरांचा रंगही उडतोय, म्हणजे सुटलोच. जाता जाता एवढंच सांगतो : कोणाला वारा घालायचा असेल तर घाला, आणि घालताना घरात कोण बसलंय तेही बघा. स्वतःलाही धरा त्यात.

व्याही येऊन गेले त्याच आठवड्यात स्वयंपाकघरात नवा पंखा लागला. माणूस सुधारला म्हणायचं; पण लावण्याआधी बंटी पेंटर आलाच. ‘सौ. कोकिळाबाईस, भगवानराव डाखोरे यांजकडून सप्रेम भेट.’ भगवानराव अजून लोकांना ते दाखवायला घेऊन जातात. खिडकीतून मला कोकिळाबाईचा आवाज ऐकू येतो, “हात नोका लावू बटनाले!”

ते नाव आजवर कोणीही वाचलेलं नाही.