संपातली आकाशवाणी

बंगळूरातल्या बनशंकरीच्या त्रिविक्रमरावांचं नाव तीन पावलांत त्रिभुवन व्यापणारं, आवाज मात्र सुईच्या नेढ्यातून दोनदा ओवता येईल इतका बारीक. पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात त्यांनी बत्तीस वर्षं काढली, लेथवरून सुपरवायझरपर्यंत चढले, पण फोनवर "हलो" म्हटलं की पलीकडचा हमखास म्हणायचा, "मॅडम, स्वल्प... जरा साहेबांना द्या." निवृत्तीच्या आदल्या आठवड्यात तर एका विमेवाल्यानं त्यांना बाळंतपणाच्या सवलती समजावून सांगितल्या होत्या.

म्हणूनच जन्माष्टमीच्या नाटकात आकाशवाणीला कोण आवाज देतो, असं मराठी मंडळात विचारल्यावर त्यांचा हात आपसूक वर गेला. आयुष्यात एकदा, फक्त एकदा, आपला आवाज ऐकून कुणीतरी थरथरावं!

नाटक बसवणारा मल्हार पुण्याहून आलेला, आयटीतला. तो अदबीनं हसला. "काका, व्हॉइस डीप पाहिजे. इको पाहिजे. घरीच रेकॉर्ड करा, शनिवारी पाचपर्यंत पाठवा. नाहीतर कंसाचं काम करणारा शंभूराज आहेच." हा शंभूराज नागपूरचा. तो "चहा दे" म्हणाला तरी कपातल्या चहाला लाटा यायच्या.

त्रिविक्रमराव घागरीत तोंड घालून बोलले. घागरीत डास अडकल्यासारखं वाटलं. फोनमधल्या अॅपनं आवाज खाली ओढला, तर सर्दी झालेला रेडा बोलू लागला.

"जाड होतोय गं, पण खोल होत नाही," ते शनिवारी दुपारी हळहळले.

"खोल हवा तर संपात उतरा," प्रमोदिनीबाई चिंचेचा कोळ काढता काढता म्हणाल्या.

बंगळूरात संप म्हणजे हरताळ नव्हे. फाटकाजवळची जमिनीखालची पाण्याची टाकी. नळाला चार दिवस पाणी नव्हतं, टँकर सांगून ठेवला होता, संप कोरडा ठणठणीत. बाईंनी टोमणा मारला होता, पण वाक्य पुरं व्हायच्या आत नवरा शिडी शोधायला गेला.

खाली गार अंधार. फोनवर रेकॉर्डिंग सुरू करून त्यांनी छाती भरून घेतली. "कंसा! देवकीचा आठवा तुझा काळ!" भिंतींनी ते तीनदा परत केलं. त्रिविक्रमरावांच्या अंगावर स्वतःच्याच आवाजानं काटा आला.

तेवढ्यात घरातल्या फोनवर मल्हार. "काकू, काका कुठायत?"

"संपात."

"संपावर? व्हाय? शंभूराजचं नाव घेतलं म्हणून?"

"संपावर नाही रे, संपात! खाली उतरलेत."

"चिडून? काकू, प्लीज, जे काय रेकॉर्ड झालंय ते सगळं पाठवायला सांगा. मी एडिट करतो!"

ही समजूत घालणं चालू असताना फाटकाशी टँकर आला. झाकण उघडंच, म्हणून टँकरवाल्यानं मांडीएवढा पाइप आत सोडला आणि पाणी मोकळं केलं. बघता बघता त्रिविक्रमराव गुडघाभर पाण्यात उभे, वसुदेवानं धरावा तसा फोन डोक्यावर धरून. "निल्सी! निल्सी!" ते किंचाळले. थांबवा म्हणायलासुद्धा अशा वेळी कन्नडच येतं.

टँकरवाला दचकला. पाणी बंद करून तो संपाच्या तोंडाशी वाकला आणि घाबऱ्या घाबऱ्या गरजला, "यारम्मा ओळगे?" म्हणजे, आत कोण आहे गं माये?

न्हाऊन निघालेल्या त्रिविक्रमरावांनी ओसरीवर बसून रेकॉर्डिंग ऐकलं. संपानं त्यांचा आवाज खोल केला नव्हता, नुसता लांबवला होता. एका मॅडमच्या तीन मॅडम झाल्या होत्या. मग किंचाळी. आणि मग "यारम्मा ओळगेऽऽऽ", जणू डोंगरच वाकून विचारतोय.

"पुसून टाकतो हे," ते खचून म्हणाले.

"तुम्ही पंचा नेसत होतात तेव्हाच पाठवलं मी," बाई म्हणाल्या. "सगळं पाठवा म्हणाला ना तो."

पाच मिनिटांत मल्हार. "काका, गूजबम्प्स! ते आधीचं कुणीतरी लेडी बोलतेय ते कट करतो. पण तो शेवटचा व्हॉइस! कन्नड ना? मीनिंग काय?"

खरं बोलणं त्रिविक्रमरावांच्या दातांपर्यंत आलं आणि तिथूनच परत गेलं. "देवकी तुरुंगात बसलीय," ते सावकाश म्हणाले, "आणि आकाशवाणी तिला विचारते, आत कोण आहे, माये?"

"म्हणजे पोटात... काका! हे तुम्हाला सुचलं?"

"सुचलं कुठलं. वरून आलं," त्रिविक्रमराव म्हणाले, आणि त्यात तसूभरही खोटं नव्हतं.

रविवारी सकाळी जयनगरच्या सभागृहात तो आवाज घुमला, तेव्हा देवकी झालेल्या शाल्मलीचा हात आपोआप पोटावर गेला आणि शंभूराजच्या हातातली तलवार खरोखरच गळून पडली. शेजारच्या कन्नड आजीबाईंनी बसल्या जागी हात जोडले. शेवटी त्रिविक्रमरावांना शाल, नारळ आणि वर माइक. "दोन शब्द बोला!"

त्यांनी तोंड उघडलं, माइककडे पाहिलं, तोंड मिटलं आणि एक बोट आकाशाकडे दाखवलं.

"वा! असा आवाज, आणि एवढं मौन!" टाळ्या थांबेनात. पुढच्या वर्षी खांब फोडून येणाऱ्या नरसिंहाची गर्जनाही त्यांचीच, हे तिथल्या तिथे ठरलं.

तेव्हापासून मंडळात ते तोंड उघडत नाहीत. आवाज राखून ठेवतात, असं लोक आदरानं सांगतात. परवा घरी फोन वाजला. टँकरवाला होता. "नीर बेका, अम्मा?" म्हणजे, पाणी हवंय का, माये?

त्रिविक्रमरावांनी आजूबाजूला मंडळाचं कुणी नाही ना ते पाहिलं. "बेकु, हवंय," ते बारीक आवाजात म्हणाले, "पण पाइप सोडायच्या आधी संपात वाकून तुम्ही एकदा सिंहासारखं जोरात गरजायचं. सरी?"