फ्लेक्काचा कान

आमच्या कप्प्यात १६७ मेंढ्या आणि २७१ कोकरं होती. मी दोनदा मोजली. उन्हाळाभर डोंगरावर चरताना थोडीफार कोकरं दगावतातच, त्याचं काही नाही. पण मेंढ्या १६८ हव्या होत्या, आणि जी नव्हती तिच्यासाठीच मी मोजत होते.

प्रयोगशाळेचा निरोप नुकताच आला होता, सप्टेंबरच्या त्या ऐन गदारोळात. खोऱ्यातल्या सगळ्या मेंढ्या डोंगरावरून खाली आलेल्या, मधलं गोल रिंगण गच्च भरलेलं, भोवती प्रत्येक शेताचा एकेक कप्पा. माणसं गुडघाभर चिखलात मेंढ्या धरत होती, कानांवरचे खुणेचे काप चाचपून ज्याची त्याच्या कप्प्यात ढकलत होती, मधूनच गातही होती. मी कुंपणावर चढून फोनवरचा निरोप वाचला. वसंतात मामाच्या प्रत्येक मेंढीच्या कानाचा कणभर तुकडा मी प्रयोगशाळेत पाठवला होता. उत्तर असं: १६७ साध्या, एक वेगळी. कानातल्या बिल्ल्याचा क्रमांक २०७. खात्रीसाठी नवा नमुना पाठवा, आणि तिची कोकरं असतील तर त्यांचाही.

मी निरोप पुन्हा एकदा वाचला.

वसंतात नदीपलीकडच्या शेतावर रिदा, मेंढ्यांचा मेंदूचा रोग, सापडला होता. मेंदूच्या पेशींवर एक प्रथिन असतं, साधं, निरुपद्रवी. त्याची एखादी साखळी चुकीची दुमडली, की ती शेजारच्या चांगल्या साखळीला चिकटून तिलाही तशीच दुमडायला लावते. ती तिसरीला. गुठळ्या साचतात, पेशी मरतात, मेंदूला स्पंजासारखी भोकं पडत जातात. बाहेरून दिसतं ते एवढंच, की मेंढी थरथरते, कुंपणाला अंग घासून लोकर काढते आणि एक दिवस उभी राहू शकत नाही. औषध नाही. एका मेंढीत सापडला, की सगळा कळप मारतात. मामाचा एकदा मारला होता, मी सहा वर्षांची असताना. यंदा त्याने ठरवलं होतं, की ते पुन्हा बघायचं नाही. सोमवारपर्यंत काही आशा दिसली नाही, तर आपणच सगळ्या मेंढ्या कत्तलखान्याला देऊन शेत बंद करायचं.

आणि आशा म्हणजे नेमकी हीच. त्या साखळीतला १७१ वा मणी, म्हणजे अमिनो आम्ल, ग्लुटामिनऐवजी आर्जिनिन असला, तर चुकीची साखळी तिला सहसा वाकवू शकत नाही. प्रत्येक मेंढीत आईकडून एक आणि बापाकडून एक अशा दोन प्रती येतात; एकीत जरी आर्जिनिन असलं, तरी रोग आल्यावर ती मेंढी मारत नाहीत. तिच्यापासून नवा कळप उभा करता येतो.

"मामा! स्टेनदोर मामा! २०७ कोणती?"

मामाने एका एडक्याएवढ्या कोकराला मांड्यांत दाबून धरलं होतं. "मी काय आकडे पाठ करतो? नाव सांग."

मी यादी उघडली. "फ्लेक्का."

"ती? ती चेटकीण? सोलरून, तिने आठ वेळा कुंपण तोडलंय! गेल्या हिवाळ्यात माझी बरगडी मोडली!"

"तिच्यात आर्जिनिन आहे!"

"असेल. सैतानही असेल."

"मामा, तिला रिदा होणार नाही. बहुतेक."

त्याने कोकरू सोडून दिलं. ते माझ्या पायांतून सटकलं. मामाने टोपी काढून पुन्हा घातली. मग आम्ही दोघं कप्प्यात घुसलो.

दोनदा मोजून झालं तरी फ्लेक्का नव्हती. कोपऱ्यात दोन कोकरं मात्र होती, एक काळं, एक पांढरं, दोघांच्या कानांवर आमची खूण, आणि दोघं दुसऱ्याच कप्प्याकडे तोंड करून बें बें करत होती. मी कान दिला. पलीकडून, चौथ्या कप्प्यातून, एक जाड, रागीट आवाज त्यांना उत्तर देत होता.

"मामा, तिची खूण कुठली?"

मामाचा चेहरा उतरला. बिल्ला वाचणाऱ्या माणसांचं त्याला हसू येतं. तो बोटांनी कान वाचतो, डोळे मिटून. आणि फ्लेक्काच्या डाव्या कानाला पाकोळीच्या शेपटीसारखा काप होता. शेजारच्या शेतावरल्या हाल्फ्रिदुरचा काप. तीन वर्षांपूर्वी हाल्फ्रिदुरने तिला कोकरू असताना मामाला भेट दिली होती, आणि एकदा पडलेला काप काही बदलत नाही.

"मीच तिकडे ढकलली," मामा म्हणाला. "आत्ताच. या हातांनी."

हाल्फ्रिदुर यंदा मेंढ्या पाळणं सोडत होती. तिचा कप्पा थेट कत्तलखान्याच्या गाडीत रिकामा होत होता. आणि रोगाच्या भागात गाडीत चढलेलं जनावर कळपात परत घेत नाहीत, कारण ती गाडी शेताशेतांवर फिरते.

आम्ही धावलो. रिंगणातून, मेंढ्यांवरून, एका म्हाताऱ्याच्या गाण्यामधून. मी दोनदा चिखलात तोंडघशी पडले आणि मला हसू आवरेना.

"हाल्फ्रिदुर! थांबव! थांबव गं!"

ती गाडीत चढायच्या फळीच्या तोंडाशी काठी घेऊन उभी होती. "काय झालं? घर जळतंय का?"

"फ्लेक्का तुझ्यात आलीय!"

"माझी खूण असेल तर माझीच."

"तूच दिलीस मला!" मामा ओरडला.

"हो, आणि तीन वर्षं वाटेत भेटलास की शिव्या घालतोयस. ही काय भेट दिलीस म्हणून! आता बरी आठवली?"

"आता ती हवीय. तिला रिदा होत नाही म्हणे. पाया पडू का?"

"चिखलात पडलायसच अर्धा."

फळीवर मेंढ्यांची रांग सरकत होती. शेवटून तिसरी पांढरी, काळ्या ठिपक्यांची. मी उडी मारली आणि तिची शिंगं धरली. तिने मला फळीवरून अलगद उचललं आणि दोन पावलं गाडीकडे ओढत नेलं. तिचे पुढचे खूर गाडीच्या उंबऱ्याशी टेकणार एवढ्यात मामाने मागून तिचा पाय धरला आणि हाल्फ्रिदुरने काठी आडवी घातली. आम्ही चौघंही एका ढिगात खाली आलो.

"बिल्ला वाच," मामा धापा टाकत म्हणाला. "तू वाच. मी नाही."

"दोन. शून्य. सात," मी वाचलं.

हाल्फ्रिदुर खाली बसली आणि तिने फ्लेक्काचा डावा कान दोन बोटांत धरला. "ही सुटली, तर हिच्या मुलींपैकी एक माझ्याकडे येईल. मी मेंढ्या सोडल्यात, पण एक चालेल."

"दिली," मामा म्हणाला.

तिथेच, हाल्फ्रिदुरच्या मांडीवर, मी चिमट्याने कानाचा नवा तुकडा घेतला. मग कप्प्यात जाऊन दोन्ही कोकरांचा. तीन नळ्या, तीन चिठ्ठ्या. मामाने प्रत्येक चिठ्ठी मोठ्याने वाचून बघितली.

उत्तर सोमवारी सकाळी आलं, मामा चुलीजवळ टोपी हातात घेऊन बसला असताना.

फ्लेक्का: १७१ व्या जागी एक आर्जिनिन, एक ग्लुटामिन. काळं कोकरू, मादी: एक आर्जिनिन, एक ग्लुटामिन. पांढरं कोकरू, नर: दोन्ही ग्लुटामिन.

"दोघी पुरे, शेत बंद नाही करायचं," मामा म्हणाला आणि त्याने टोपी घातली.